अरणगावचे मौन आणि रॉकगायकाचे आत्मकथन

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागले, की नऊ-दहा किलोमीटरवर अरणगाव येते. तेथे रेल्वेचे रूळ ओलांडून टेकडी चढू लागले, की माथ्यावर घुमटाची एक लहानशी वास्तू दिसते. ही मेहेरबाबांची समाधी. दरवर्षी ३१ जानेवारीला, अमरतिथीच्या दिवशी, दुपारी बाराच्या ठोक्याला या टेकडीवर हजारो माणसे एकाच वेळी गप्प होतात आणि पाव तास कोणी शब्दही उच्चारत नाही. या गर्दीत इंग्लंड-अमेरिकेतून आलेली माणसेही असतात. नगरकरांना त्याचे नवल उरलेले नाही. मात्र या टेकडीचे आणि पाश्चात्त्य रॉक संगीताच्या रंगमंचाचे नाते किती जवळचे आहे, हे नगरमध्येही थोड्यांनाच ठाऊक असेल.

हे नाते वरकरणी विसंगत वाटावे असे आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. उलट ज्या ब्रिटिश बँडच्या ध्वनिमुद्रिकेवर त्यांचे नाव 'अवतार' म्हणून छापले गेले, त्या 'द हू'ची ख्याती कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी होती. १९७६मधील त्यांच्या लंडनच्या मैफलीत १२६ डेसिबल इतका आवाज मोजला गेला आणि 'गिनेस बुक'ने तो विक्रम म्हणून नोंदवला. या बँडचे प्रमुख गीतकार, गिटारवादक आणि गायक पीट टाउनशेंड यांनी आपले आयुष्य रंगमंचावर मांडण्याचा प्रयत्न पुन:पुन्हा केला. त्या प्रत्येक प्रयत्नाच्या मुळाशी कोठे ना कोठे अरणगावचे हे मौन आहे.

एक गायक, एक खुर्ची

रॉकगायकाने मोठे मैदान आणि बँडचा ताफा बाजूला ठेवून लहान नाट्यगृहात एकट्याने उभे राहावे, आपली जन्मकथा सांगावी, अधूनमधून गाणी म्हणावीत आणि पुढे त्या प्रयोगाचा चित्रपट व्हावा, हा प्रकार गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यास 'द किंक्स'चे रे डेव्हिस यांनी आपल्या आत्मचरित्राच्या आधारे असे प्रयोग केले. त्यांवरून अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाण्यामागची गोष्ट सांगणाऱ्या कार्यक्रमांची एक मालिकाच निघाली.

या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यामुळे. २०१६मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१७मध्ये, न्यूयॉर्कच्या वॉल्टर केर नाट्यगृहात त्यांनी त्यावर आधारित प्रयोग सुरू केले. हजार आसनेही नसलेले हे नाट्यगृह, तर गायकाला सवय लाखभर श्रोत्यांच्या मैदानाची. पत्नी पॅटी स्कियाल्फा दोन गाण्यांपुरत्या सोबतीला येत. बाकी सारा वेळ एक पियानो, एक गिटार आणि ते स्वतः. डिसेंबर २०१८पर्यंत असे २३६ प्रयोग झाले आणि ते संपताच त्यांचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला.

आयर्लंडच्या 'यू टू' बँडचे गायक बोनो यांनीही हीच वाट धरली. 'सरेंडर' हे त्यांचे आत्मचरित्र २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरील रंगमंचीय प्रयोग अँड्र्यू डॉमिनिक यांनी कृष्णधवल रंगांत चित्रित केला. तो चित्रपट मे २०२५मध्ये कान महोत्सवात आणि पाठोपाठ अॅपलच्या वाहिनीवर दाखवला गेला. यात बोनो आपल्या हृदयशस्त्रक्रियेपासून आरंभ करतात, चौदाव्या वर्षी गमावलेल्या आईबद्दल बोलतात आणि एका रिकाम्या खुर्चीकडे वळून दिवंगत वडिलांशी संवाद साधतात. दोन्ही बाजूंची वाक्ये तेच म्हणतात. मान थोडी वळवली की वडील, पुन्हा वळवली की मुलगा.

हे सारे चित्रित का करायचे, याचे पहिले उत्तर व्यावहारिक आहे. लहान नाट्यगृहातील तिकिटे थोड्यांनाच मिळतात; चित्रपट घरोघर पोहोचतो. दुसरे उत्तर कलेशी निगडित आहे. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून गायकाचा आवाज ऐकू येतो, पण बोलता बोलता चुकलेला श्वास दिसत नाही. कॅमेरा तो दाखवतो. आत्मकथनात सांगितलेल्या गोष्टींइतक्याच गिळलेल्या गोष्टीही महत्त्वाच्या असतात, आणि त्या चेहऱ्यावरच वाचता येतात.

कीर्तनापासून 'असा मी असामी'पर्यंत

मराठी प्रेक्षकाला यात अनोळखी असे फारसे काही नाही. एकच माणूस उभा राहतो. बोलतो, गातो, मध्येच नकला करतो, साथीदारांकडे वळून टाळी घेतो आणि रात्र रंगवतो, हे त्याने कीर्तनात शतकानुशतके पाहिले आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात विचार येतो आणि उत्तररंगात त्याला पुष्टी देणारे आख्यान येते. स्प्रिंगस्टीन किंवा बोनो यांच्या प्रयोगातही गाणे आणि गोष्ट अशाच एकमेकांना धरून चालतात.

फरक आहे तो 'मी'च्या बाबतीत. कीर्तनकार सहसा संतांचे चरित्र सांगतो, स्वतःचे नाही. आपल्या परंपरेत स्वतःबद्दल बोलण्याचा अधिकार तुकोबा, नामदेव, बहिणाबाई अशा संतांनी आत्मचरित्रपर अभंगांतून घेतला, तो देवापुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी. आधुनिक रंगमंचावरही हा संकोच टिकून राहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'पासून लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'पर्यंत मराठी एकपात्रीचा नट अनेक पात्रे उभी करतो, पण स्वतः बाजूला राहतो. 'असा मी असामी' तर नावानिशी आत्मचरित्र. पण ते पुलंचे नव्हे, धोंडो भिकाजी जोशी या कल्पित कारकुनाचे. स्वतःबद्दल बोलायचे असेल तर दुसऱ्याचा अंगरखा चढवावा, ही आपली जुनी रीत. टाउनशेंड यांनी इंग्लंडमध्ये बसून नेमके हेच केले. मात्र त्यांनी तसे का केले, हे समजण्यासाठी पुन्हा नगर जिल्ह्यात यावे लागते.

शिर्डी, साकोरी, अरणगाव

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. डेक्कन महाविद्यालयात शिकत असताना हजरत बाबाजान या वृद्ध साध्वीच्या भेटीने त्यांचे आयुष्य पालटले. त्यानंतर शिर्डीला साईबाबा आणि साकोरीला उपासनी महाराज असे त्यांचे मार्ग नगर जिल्ह्यातूनच गेले. शिर्डीत या तरुणाला पाहताच साईबाबांनी 'परवरदिगार' असा उद्गार काढला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९२३मध्ये बाबा अरणगावजवळ आले आणि मेहेराबाद वसले. दोन वर्षांनी येथेच त्यांचे मौन सुरू झाले. प्रथम अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आणि १९५४नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते संवाद साधत. त्यांचे ग्रंथही याच पद्धतीने सांगितले गेले.

साठच्या दशकात पाश्चात्त्य तरुण एलएसडीसारख्या मादक द्रव्यांत ईश्वर शोधू लागले, तेव्हा बाबांनी स्पष्ट विरोध केला. गोळीत देव नसतो, असे ठणकावणारी त्यांची पुस्तिका १९६६मध्ये निघाली. ज्यांनी हे द्रव्य घेऊन पाहिले होते आणि ज्यांना त्याचा धसका बसला होता, अशा तरुणांपर्यंत हा निरोप पोहोचला. पीट टाउनशेंड त्यांपैकीच एक. जून १९६७मध्ये अमेरिकेतील माँटेरे महोत्सवाहून परतताना विमानात घेतलेल्या एका मात्रेने त्यांची अवस्था भयंकर झाली होती. त्याच वर्षी माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्राने त्यांच्या हाती मेहेरबाबांचे चरित्र दिले. टाउनशेंड यांनी ही द्रव्ये सोडली आणि बाबांना गुरू मानले. गुरूची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

न बोलणारा मुलगा

बाबांच्या निधनानंतर अवघ्या चार महिन्यांनी, मे १९६९मध्ये, 'द हू'ची 'टॉमी' ही दुहेरी ध्वनिमुद्रिका आली. मुखपृष्ठ मॅकइनर्नी यांचे होते आणि श्रेयनामावलीत बाबांचे नाव होते. 'रॉक ऑपेरा' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो या कृतीमुळे. गोष्ट एका मुलाची आहे. घरात घडलेला खून तो आरशात पाहतो. तू काही पाहिले नाहीस, ऐकले नाहीस, कोणाला सांगायचेही नाहीस, असे मोठी माणसे त्याला बजावतात. आणि तो खरोखरच आंधळा, बहिरा, मुका होतो. नातेवाईक त्याचा छळ करतात. पुढे पिनबॉल या खेळातील त्याचे अलौकिक कौशल्य जगासमोर येते, आरसा फुटतो, मुलगा बरा होतो आणि लोक त्याला मसीहा मानू लागतात. शेवटी तेच अनुयायी त्याच्यावर उलटतात.

या कथेत बाबांच्या शिकवणीचा वाटा उघड आहे. इंद्रियांचे जग ही माया, आरसा म्हणजे अहंकार आणि तो फुटल्याखेरीज दर्शन नाही, ही चौकट टाउनशेंड यांनी १९६८पासून मुलाखतींतून सांगितली होती. कथेत दुसरेही काही दडले होते. ते त्यांना त्या वेळी उच्चारता आले नाही.

टाउनशेंड यांचे वडील नृत्यवाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवीत, आई गात असे. आईवडिलांच्या संसारातील ताणतणावात लहानग्या पीटला काही काळ आजीकडे राहावे लागले. मानसिक स्वास्थ्य हरवलेल्या त्या आजीच्या घरी जे घडले, त्याची आठवणच त्यांच्या मनाने बंद करून टाकली होती. 'टॉमी' लिहिताना मुलाच्या छळाची दोन गाणी आली, तेव्हा ती त्यांच्या हातून लिहून होईनात. अखेर त्यांनी ती बँडमधील सहकारी जॉन एन्टविसल यांच्याकडून लिहून घेतली. कथेचा गाभा ज्या प्रसंगात होता, तेथेच कथाकाराची लेखणी थांबली होती. मुक्या मुलाची गोष्ट सांगणारा माणूस त्या एका बाबतीत स्वतःच मुका होता.

येथे दोन मौने समोरासमोर येतात. अरणगावच्या संताचे मौन स्वेच्छेचे होते. टॉमीचे मौन लादलेले होते. एका मौनात शांतता आहे, दुसऱ्यात दहशत. टाउनशेंड यांना पहिल्याची ओढ का लागली असावी, हे दुसऱ्याकडे पाहिले म्हणजे उमजते. गप्प राहणे म्हणजे केवळ भीती नव्हे, त्यात सामर्थ्यही असू शकते, याचे जिवंत उदाहरण त्यांना प्रथमच भेटले होते.

ऑगस्ट १९६९मध्ये वूडस्टॉक महोत्सवात 'द हू'ने 'टॉमी'चा बराच भाग सादर केला आणि त्यातील काही क्षण त्या महोत्सवावरील चित्रपटात टिपले गेले. १९७५मध्ये केन रसेल यांनी त्यावर चित्रपट केला. त्याच्या संगीतासाठी टाउनशेंड यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. १९९३मध्ये 'टॉमी' ब्रॉडवेवर गेले आणि संगीतासाठी त्यांना टोनी पुरस्कार लाभला. २०२४मध्ये ते ब्रॉडवेवर पुन्हा आले.

समाधीपाशी

१९७२मध्ये टाउनशेंड अरणगावला आले. त्या वेळी ते जगातील आघाडीच्या रॉक कलावंतांपैकी एक होते. समाधीची वास्तू लहान आहे. आतील भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीने १९३८मध्ये रंगवलेली चित्रे आहेत. बाहेर उघडा माळ आणि दूरवर रेल्वेचा आवाज. येथे ध्वनिक्षेपकांच्या भिंती नाहीत, गिटार आपटून फोडण्याचा खेळ नाही.

त्याच वर्षी त्यांची 'हू केम फर्स्ट' ही स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. तीत बाबांच्या प्रार्थनेवर बेतलेले 'परवरदिगार' हे गीत आहे. शिर्डीत उच्चारला गेलेला शब्द असा लंडनच्या ध्वनिमुद्रण कक्षात जाऊन पोहोचला. त्याआधी १९७१मध्ये 'द हू'चे 'बाबा ओ'रायली' आले होते. या नावातील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. बाबांच्या व्यक्तित्वाची माहिती यंत्राला पुरवून त्यातून सूर निर्माण करावेत, अशी या गाण्यामागची मूळ कल्पना होती. हे गाणे 'लाइफहाउस' नावाच्या एका महत्त्वाकांक्षी संगीतनाट्यासाठी होते. ते नाट्य कधीच पुरे झाले नाही आणि त्या अपयशाने टाउनशेंड खचले.

भक्तीमुळे सारे सुरळीत झाले, असेही नाही. मद्य सुटले नाही. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ते हेरॉइनच्या विळख्यात सापडले आणि उपचार घेऊन बाहेर आले. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात वावरल्याने त्यांची श्रवणशक्तीही क्षीण झाली. कानांत अखंड गुणगुण सुरू राहण्याचा विकार जडला. ज्यांच्या गुरूने मौन पत्करले, त्यांना शांतता ऐकू येणेच अवघड झाले.

रे हाय नावाचा मुखवटा

स्वतःच्या आयुष्याच्या सर्वांत जवळ जाणारे त्यांचे रंगमंचीय काम १९९३मध्ये आले. 'सायकोडेरेलिक्ट' असे त्याचे नाव. नायक रे हाय हा उतारवयाकडे झुकलेला रॉक कलावंत आहे. तो एकांतात राहतो, पितो आणि अपुऱ्या राहिलेल्या एका जुन्या भव्य रचनेवर कुढत बसतो. त्याचा व्यवस्थापक आणि एक स्त्री-पत्रकार त्याला पुन्हा प्रकाशात आणण्यासाठी खोट्या पत्रव्यवहाराचा डाव रचतात. संवाद आणि गाणी एकमेकांत विणलेली ही रचना टाउनशेंड यांनी नटांसह रंगमंचावर आणली. ऑगस्ट १९९३मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील प्रयोग चित्रित करण्यात आला आणि तो आजही पाहता येतो.

रे हाय म्हणजे टाउनशेंडच, हे कोणाही श्रोत्याला कळत होते. ती अपुरी रचना म्हणजे 'लाइफहाउस' हेही उघड होते. तिच्यासाठी वीस-बावीस वर्षांपूर्वी केलेल्या सुरावटींचे तुकडे टाउनशेंड यांनी यात वापरले. त्यांची नावे 'मेहेरबाबा एम ३', 'मेहेरबाबा एम ४' आणि 'मेहेरबाबा एम ५' अशी आहेत. म्हणजे आपल्या पडझडीची गोष्ट सांगतानाही मधल्या निःशब्द जागा त्यांनी गुरूच्या नावे राखल्या. त्या तुकड्यांत शब्द नाहीत, केवळ वाद्ये आहेत.

तरीही मुखवटा पुरता उतरला नाही. रे हायची गाणी टाउनशेंड गात, पण त्याचे संवाद दुसरा नट म्हणे. गाताना मी, बोलताना तो. आत्मकथनाच्या वाटेवर ते उंबरठ्यापर्यंत आले आणि तेथेच थबकले. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. नभोवाणीला संवाद नको होते म्हणून ते वगळून केवळ गाण्यांची आवृत्तीही काढावी लागली. मुक्या मुलाच्या गोष्टीला त्याच वर्षी ब्रॉडवेवर मानसन्मान मिळत होता, आणि बोलू पाहणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताकडे लोक पाठ फिरवत होते.

नगरच्या या नात्याची आणखी एक शाखा सांगायला हवी. बाबांच्या तसबिरींखाली 'चिंता करू नका, आनंदी राहा' या अर्थाचे छोटे इंग्रजी वाक्य छापलेले असे. ते भित्तिपत्रक सॅन फ्रान्सिस्कोतील मित्रांच्या घरी पाहून बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाने १९८८मध्ये त्याच शब्दांचे गाणे केले. त्यात एकही वाद्य नाही. सारे आवाज एकाच माणसाच्या तोंडचे आहेत. १९८९मध्ये या गाण्याला ग्रॅमी मिळाले. मॅकफेरिन एकट्याने रंगमंच भारून टाकणारे गायक. मात्र त्यांच्या एकट्या आवाजात आनंद आहे, कबुली नाही. टाउनशेंड यांच्या वाट्याला आले ते काम अधिक अवघड होते.

मुखवट्याविना

ते काम २०१२मध्ये पुरे झाले. 'हू आय अॅम' या आत्मचरित्रात टाउनशेंड यांनी आजीच्या घरातील काळ, आठवणींतील पोकळी, व्यसने, अपयश आणि गुरूवरील श्रद्धा हे सारे स्वतःच्या नावाने लिहिले. 'टॉमी'तील मुलगा कोण होता, हे त्यांनी स्वतःच सांगितले. गाण्यातून ते गोष्ट सांगू लागले त्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. बाबांच्या मौनाचा काळही जवळपास तेवढाच.

स्प्रिंगस्टीन किंवा बोनो खुर्चीवर बसून सहजपणे 'मी' म्हणतात, तेव्हा ते सोपे वाटते. ते सोपे नसते, हे टाउनशेंड यांच्या प्रवासावरून कळते. आयुष्यातील काही गोष्टी आधी टॉमीच्या तोंडून, मग रे हायच्या तोंडून सांगाव्या लागतात. तेव्हा कोठे त्या आपल्या तोंडी येतात. कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसलेला आजचा रॉकगायक ज्या जागेवर पोहोचला आहे, तेथवरची वाट अशा मुखवट्यांनी तयार केली आहे.

त्या वाटेवरचे एक ठिकाण नगरपासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. येत्या ३१ जानेवारीला अरणगावच्या टेकडीवर पुन्हा गर्दी होईल, भजने होतील, अनेक भाषांतील गाणी म्हटली जातील. बाराच्या ठोक्याला ती थांबतील. सव्वाबाराला पुन्हा सुरू होतील.